आजोबांचा प्रश्न

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. सुमारे ८ हजार माणसे गेली.

माझे आजोबा औसा तालुक्यातले. ते म्हणतात, "भूकंपानं नाही रे बाळा, माळवदानं नेली माणसं." मातीचे जड माळवद, खाली जाड दगडी भिंती. पण भिंतीच्या दोन्ही बाजू बांधणारे आरपार दगड नव्हते. मध्ये माती आणि बारीक दगड. धक्का बसताच भिंती फुटल्या आणि माळवद अंगावर आले. तीव्रता होती ६.२. कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये ६.९ चा धक्का बसला, तिथे ६३ जण दगावले.

आता आम्ही म्हैसूरला विजयनगरमध्ये राहतो. शेजारी बांधकाम चालू आहे. आजोबा गवंड्याला विचारतात, "लिंटेलचा पट्टा चारी भिंतींवरून फिरवणार ना?" लोक हसतात, "इथे कसला भूकंप!" पण किल्लारीही तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच धरली जायची.

आम्ही कॅडेट ढिगाऱ्यातून माणसे काढण्याचा सराव करतो. तो हवाच. पण ढिगारा होऊच नये, यासाठी आजोबांचा प्रश्न आपणही आपापल्या गावी विचारला पाहिजे.