जेवणानंतरची गोळी

ल्युरासिडोन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध. त्याने वजन फारसं वाढत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ही गोळी घेताना किमान 350 कॅलरींचं जेवण पोटात जावं लागतं. नाहीतर रक्तात पोचणारं औषध साधारण निम्म्यावर येतं. मुरबाडच्या एखाद्या कातकरी वाडीतलं कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर उतरलं, की रात्रीच्या जेवणाचा हिशेब कोण ठेवणार? कधी भाकरी-ठेचा, कधी नुसती पेज. माणूस नेमाने गोळी घेतो, तरी कानातले आवाज थांबत नाहीत, आणि घरचे पुन्हा भगताकडे जातात. पाण्यात फारसं न विरघळणाऱ्या या औषधाला पुरेशा जेवणाची साथ लागते. ती ताटात नव्हती, एवढंच.

ती साथ औषधातच घालून देता येईल का, यावर मी शहापूर तालुक्यात फार्मसीच्या विद्यार्थ्यांसोबत काम करते. औषध आधी तेलात विरघळवायचं, त्यात तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा ट्वीन 80 सारखा सरफॅक्टंट आणि त्याचा जोडीदार मिसळायचा, मग ब्युरेटमधून थेंब थेंब पाणी सोडायचं. दर वेळी बीकर उजेडात धरायचा. दुधाळ, गढूळ, आणि प्रमाण जुळलं की एकाएकी आरपार दिसायला लागतं; कडेला किंचित निळसर झाक येते. तेलाचे थेंब 200 नॅनोमीटरच्या खाली उतरू लागल्याची ती खूण. केसाच्या जाडीत असे शेकडो थेंब ओळीने मावतील. नेमका आकडा यंत्र सांगतं, पण मुलांचा डोळा तयार झालाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

थेंब बारीक करायचे तर ट्वीन वाढवत जाणं सगळ्यात सोपं. मी ते करू देत नाही. हे औषध माणूस वर्षानुवर्षं रोज घेणार. आतड्याच्या अस्तराला टोचणारं मिश्रण त्याच्या माथी मारायचं नाही.

दुसरी अडचण उन्हाची. स्थिरता चाचणीत नमुने 40 अंश तापमानात सहा महिने ठेवतात. मे महिन्यात पत्र्याच्या घरातली दुपार त्याहून थंड नसते. बाटलीतलं हे तेल-पाण्याचं मिश्रण, म्हणजे इमल्शन, तिथे फुटू शकतं. तेल वर येतं, आणि वरचा चमचा व तळाचा चमचा यांतला डोस सारखा राहत नाही. म्हणून पाणी मुळात घालायचंच नाही. तेल, औषध आणि सरफॅक्टंट मऊ कॅप्सूलमध्ये भरायचं. पोटातलं पाणी आणि पोटाची घुसळण उरलेलं काम करते. अवयवरोपणानंतर लागणारं सायक्लोस्पोरिन 1990 च्या दशकात याच रीतीने सुधारलं, आणि त्याचं शोषण जेवणावर पूर्वीइतकं विसंबून राहिलं नाही.

मनाच्या आजारांवरच्या औषधांचं असं बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत आणि उंदरांवरच चाललं आहे. तोवर औषधाच्या काउंटरवर बसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना आणि वाडीवर जाणाऱ्या आशाताईंना एकच विनंती: ‘जेवल्यावर घ्या’ एवढं सांगून थांबू नका, रात्री काय जेवता ते विचारा. उत्तर पेज असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. रिस्पेरिडोन आणि ओलान्झापिन पोट भरलेलं असो वा रिकामं, सारखीच शोषली जातात. बदल करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.