चाल कुठली, ते वर लिहावं

बेने इस्राएलांच्या कीर्तनाची जुनी पुस्तकं ज्यांनी हाताळली असतील, त्यांना पदाच्या डोक्यावरची एक छोटी ओळ आठवेल. आधी 'चाल' हा शब्द आणि पुढे एखाद्या ओळखीच्या पदाची सुरुवात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या 'संगीत सौभद्र' नाटकातही हीच रीत. दुसऱ्याची चाल घेण्यात कमीपणा नव्हता. घेतली, सांगितली, ऋण फिटलं.

'येरुशलायीम शेल झहाव', म्हणजे 'सोन्याचं यरुशलेम', हे गाणं इस्राएलमध्ये लहानथोर सगळ्यांना पाठ असतं. पण ते एका बैठकीत झालेलं नाही.

१९६७ च्या गीतमहोत्सवासाठी महापौर टेडी कोलेक यांना यरुशलेमवर नवं गाणं हवं होतं. ते काम नओमी शेमेर यांच्याकडे आलं. त्यांना तलमूदमधली गोष्ट आठवली : गरिबीत दिवस काढणारे रब्बी आकिवा आपल्या बायकोला सोन्याचं यरुशलेम, म्हणजे त्या नावाचा दागिना, देण्याची इच्छा बोलून दाखवतात. शहराची वीणा होण्याची कल्पना त्यांनी मध्ययुगातले कवी यहूदा हलेवी यांच्याकडून घेतली.

पहिल्या खर्ड्यात जुन्या शहराचं नाव नव्हतं. रिव्का मिखाएली यांनी ते लक्षात आणून दिलं आणि ओस बाजाराचं कडवं वाढलं. १५ मे रोजी शुली नातान या नवख्या मुलीने गिटार घेऊन ते गायलं. तीन आठवड्यांत युद्ध पेटलं. ७ जूनला सैनिक पश्चिम भिंतीपाशी पोचले आणि हेच गाणं गाऊ लागले. तेव्हा शेमेर सिनाईत होत्या. त्यांनी परतीचं आणखी एक कडवं जोडलं, पण विरहाचं जुनं कडवं खोडलं नाही. म्हणून आजही हे गाणं एकाच दमात विरह आणि भेट दोन्ही सांगतं. आमोस ओझ यांनी आक्षेप घेतला, की तो बाजार ओस नव्हता, तिथे अरब माणसं राहत होती. गाण्याबरोबर तोही प्रश्न आता चालत आला आहे.

शेवटची गुंतागुंत मात्र चालीची होती. ती एका जुन्या बास्क गीताशी जुळते, असं लोक म्हणत. पाको इबान्येझ हे गायक ते गीत गात असत. शेमेर यांनी वर्षानुवर्षं नाकारलं. २००४ मध्ये त्या वारल्या. पुढच्या वर्षी त्यांचं पत्र प्रसिद्ध झालं. नेहामा हेंडेल यांनी ते गीत आपल्याला ऐकवलं होतं आणि नकळत ते चालीत उतरलं, असं त्यात कबूल केलं होतं. आपल्या दुखण्याचं मूळही कदाचित यातच असेल, इतकं ते त्यांच्या मनाला लागलं होतं. इबान्येझ यांना मात्र राग नव्हता. त्या बाईंनी उगीच अपराधी वाटून घेतलं, याचंच त्यांना वाईट वाटलं.

आपल्या कीर्तनकारांना असं ओझं वाहावं लागलं नाही. पदाच्या डोक्यावरची ती एक ओळ त्यांना पुरली. मुलांनी नवं गाणं रचावं, हवी तिथली चाल घ्यावी, कडव्यांमागून कडवी वाढवावीत. फक्त चाल कुठली, ते वर लिहावं.