अब्बांच्या दुकानातली अमानत

आमचे अब्बा पंधरा वर्षे भारतीय नौदलात होते आणि त्यानंतर जवळपास चाळीस वर्षे कल्याणच्या दूधनाक्याजवळ त्यांचे मोटर वाइंडिंगचे छोटे दुकान होते. गेल्या शाबान महिन्यात त्यांचा इंतकाल झाला. ताजियतीला आलेल्यांपैकी कुणी त्यांना ‘नेव्हीवाले चाचा’ म्हणून आठवत होते, कुणी ‘मोटरवाले चाचा’ म्हणून. आम्हा चार भावंडांना, दोन भाऊ आणि दोन बहिणींना, ही दोन माणसे कधी वेगळी वाटली नाहीत. का, ते त्यांच्यामागे दुकान आवरताना नीट कळले.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांच्या घरांना दर्या नवा नाही. इंग्रजांच्या काळापासून तिथली मुले नौदलात आणि व्यापारी जहाजांवर जात आली आहेत. अब्बा १९६३ साली, सतराव्या वर्षी भरती झाले. विजेचे काम ते जामनगरच्या आयएनएस वलसुरा या केंद्रात शिकले. १९७१ च्या लढाईत ते ‘विक्रांत’वर होते. त्या वेळी जहाजाच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, पूर्ण वेग मिळत नव्हता. तरीही जहाज बंगालच्या उपसागरात गेले आणि ४ डिसेंबरला त्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. आम्ही लहानपणी विमानांच्या गोष्टी मागायचो. अब्बा बॉयलर आणि जनरेटरच्या सांगायचे. म्हणायचे, “विमान उडालेलं सगळ्यांना दिसतं. खाली वीज कोण सांभाळतो, ते कुणी बघत नाही. पण ती गेली तर सगळंच गेलं.”

९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दरवर्षी त्या तारखेला अब्बा दिवसभर फारसे बोलत नसत. अम्मी आम्हाला खुणेने सांगायची, आज त्यांना काही विचारू नका.

जहाजावरची एक गोष्ट मात्र ते वारंवार सांगत. ड्यूटीची पाळी संपली म्हणून कुणी नुसते उठून जायचे नाही. नवा माणूस येईल, त्याला कोणते मशीन चालू, कोणते बंद, कुठे आवाज येतो, हे सगळे सांगायचे, नोंदवहीत लिहायचे. त्याने ‘समजलं’ म्हटले की मगच जागा सोडायची.

१९७८ मध्ये पेन्शन घेऊन ते कल्याणला आले आणि मिळालेल्या पैशांतून गाळा घेतला. डोंबिवली एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांच्या मोटरी, सोसायट्यांचे पंप, घरचे पंखे, मिक्सर, सगळे त्यांच्याकडे येई. हे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना माहीत आहे की, यात लबाडीला खूप जागा असते. जळालेली मोटर उघडायची, जुनी कॉइल काढताना वेढे मोजायचे, तारेची जाडी मापायची, खाचेत इन्सुलेशनचा कागद घालून तितक्याच वेढ्यांची नवी कॉइल बसवायची, वॉर्निश देऊन भट्टीत सुकवायची. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार घातली, किंवा दहा वेढे कमी घातले, तर मोटर बंद झाल्यावर ग्राहकाला काय दिसणार? सहा महिन्यांनी ती पुन्हा जळते आणि बिचारा व्होल्टेजला दोष देतो. अब्बा आम्हाला सूरह मुतफ्फिफीनची आठवण द्यायचे. माप मारणे म्हणजे फक्त तराजूचे नव्हे, वेढ्यांचेही, असे त्यांचे म्हणणे.

काढलेल्या जुन्या तांब्याचेही तसेच. धंद्यात बहुतेक ठिकाणी ते दुकानदाराचे धरले जाते. अब्बा वजन करून ग्राहकाला विचारत, घेऊन जाता की बिलातून कापू? शेजारचे दुकानदार हसायचे. अम्मीलाही सुरुवातीला हे पटत नसे, कारण महिनाअखेरीला घरात ओढाताण असायची. पुढे ती म्हणू लागली, “कमी येतं, पण झोप लागते.”

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे उल्हास नदीचे पाणी कल्याणच्या सखल भागात शिरले. सोसायट्यांचे पंप गाळात बुडाले. पाणी ओसरल्यावर वीज आली की लोक लगेच पंप सुरू करत आणि तो जळे. अब्बा दारोदार सांगत फिरले की, भिजलेली मोटर सुरू करू नका, आधी उघडा, गोड्या पाण्याने धुवा, सुकवा. लाकडी पेटीत मोठे बल्ब लावून त्यांनी मोटरी सुकवल्या. मेगरने तपासून खात्री झाल्याशिवाय एकही परत दिली नाही. ज्या मोटरी नुसत्या सुकवून चालल्या, त्यांचे वाइंडिंगचे पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर कुणाला कळलेही नसते.

आणखी एक आठवण. १९९२-९३ च्या त्या वाईट महिन्यांत एका हितचिंतकाने सुचवले की, वर्दीतला फोटो आणि पूर्वी स्टार दुकानात लावा, लोकांना कळू दे तुम्ही कोण आहात. अब्बांनी लावला नाही. म्हणाले, “ज्याला माझं काम माहीत आहे त्याला फोटो नको. ज्याला माहीत करून घ्यायचं नाही, त्याला फोटोचा काय उपयोग?” फोटो घरातच राहिला. या उत्तरात थोडा राग होता आणि थोडे दुःखही होते, हे आज आमच्या लक्षात येते.

इंतकालनंतर पंधरा दिवसांनी आम्ही दुकान उघडले. भिंतीलगत अकरा मोटरी ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीला तारेने बांधलेले कार्ड: नाव, तारीख, किती वेढे, किती पैसे आले, किती बाकी. काही कार्डे सात-आठ वर्षांपूर्वीची. शिवाय दोन वह्या. एकीत अब्बांना द्यायचे पैसे, दुसरीत लोकांकडून यायचे. पहिल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले होते: आधी कर्ज फेडा, मग अमानत परत करा, मग वाटे करा. मुलींकडून हक्कसोडपत्र मागू नका.

सूरह निसामध्ये वारसांचे वाटे सांगितले आहेत, ते वसीयत आणि कर्ज बाजूला काढल्यानंतरचे. हे आपण सगळे जाणतो. तरी आमच्यात वाद झाला. एक भाऊ म्हणाला, इतकी वर्षे कुणी आले नाही, तांब्याला चांगला भाव आहे, विकून टाकू. मोठी बहीण म्हणाली, कार्डावर नाव आहे तोवर ती वस्तू त्या नावाची. शेवटी आम्ही मौलानांना विचारले आणि कामाला लागलो. तारेच्या व्यापाऱ्याची बाकी आधी दिली. मग मालक शोधायला निघालो. मुंब्रा, राबोडी, भिवंडी, डोंबिवली. नऊ मोटरी पोहोचल्या. एके ठिकाणी मालक वारले होते. त्यांच्या पत्नीने कार्ड वाचले, आत जाऊन राहिलेले साडेतीनशे रुपये आणून दिले आणि चहा पाजल्याशिवाय सोडले नाही. दोन मालक सापडलेच नाहीत. त्या मोटरी आणखी काही काळ ठेवू. नाहीच कुणी आले, तर विकून ती रक्कम मालकांच्या नावे सदका करू. मालक पुढे आलाच, तर त्याचे पैसे आम्ही देणे लागतो.

येणे असलेल्या रकमेबद्दल प्रत्येकाने आपापल्या वाट्यापुरते ठरवले, कारण दुसऱ्याचा हिस्सा माफ करण्याचा अधिकार कुणाला नाही. अम्मीने तिचा आठवा हिस्सा अडचणीतल्या लोकांना सोडला. बहिणींचे वाटे त्यांच्या खात्यात जमा झाले. त्या आमच्यावर खूश होत्या म्हणून नव्हे, तो त्यांचा हक्क होता म्हणून.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादे लहान दुकान, वर्कशॉप, शिवणयंत्र आहे. कुणाचे कापड, कुणाचा मोबाइल, कुणाचे पैसे आपल्याकडे पडून असतात आणि ते फक्त आपल्या डोक्यात असते. एक वही करा. कुणाचे काय, ते लिहा, आणि वही कुठे आहे ते घरच्यांना सांगून ठेवा. अब्बांनी मागे फार पैसा ठेवला नाही. पण त्यांची पाळी संपली तेव्हा आम्हाला सगळे लिहिलेले मिळाले. अल्लाह त्यांची मगफिरत करो आणि आम्हालाही असेच हिशेब सोपवून जाण्याची तौफीक देवो. आमीन.