वीस मिनिटांच्या दिवसाचा देश

दोस्तांनो, सुट्टीत मामाच्या गावाला तर सगळेच जातात. आज आपण जरा वेगळ्या मुलुखात जाऊ या. इथले डोंगर चौकोनी, झाडं चौकोनी, गायी चौकोनी आणि डोक्यावरचा सूर्यसुद्धा चौकोनी! ओळखलंत ना? हा माइनक्राफ्टचा देश. स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहरात तो जन्मला आणि २०११ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली.

इथला अख्खा दिवस, रात्र धरून, अवघ्या २० मिनिटांचा. उजाडलं म्हणून शेतात जावं, दहा-वीस ठोकळे रचावेत, तोच आभाळ केशरी होतं. अंधार पडला, की झोंबी गावात शिरतात. म्हणून इथे संध्याकाळ वेळेवर ओळखणं हा गावकऱ्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. आपण खाली खाणीत असलो, तर वर दिवे कोण लावणार?

त्यासाठी एक पहारेकरी आहे, डेलाइट डिटेक्टर. २०१३ साली तो या देशात आला. तीन काचा, तीन लाकडी स्लॅब आणि तीन क्वार्ट्झ जुळवले की झाला तयार. मात्र क्वार्ट्झ आणायला नेदर नावाच्या पाताळात उतरावं लागतं. तिथे सूर्य नाही, चंद्र नाही. सोबत नेलेलं घड्याळसुद्धा तिथे वेड्यासारखं गरगर फिरतं. दिवस-रात्र ओळखणारं यंत्र करायचं, तर जिथे दिवसच नाही तिथे जायचं! आहे की नाही गंमत?

चला, आता वर गावात येऊ. रस्त्याच्या टोकाला, उघड्या आभाळाखाली डिटेक्टर ठेवलाय. डोक्यावर दगडी छप्पर असतं, तर त्याला कायमची रात्रच वाटली असती. त्याच्यावर एकदा क्लिक केलं, की तो उलटा चालतो. म्हणजे उजेडात गप्प, अंधारात जागा. त्याच्यापासून रेडस्टोनच्या लाल भुकटीची रेघ निघालीये. या देशातली वीज याच भुकटीतून वाहते, पण ठोकळ्या-ठोकळ्याला तिचं बळ एकेकाने कमी होतं. रेघेच्या पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या ठोकळ्याखाली एकेक दिवा पुरलाय.

सूर्य मावळायला लागला. बघा, पहिला दिवा लागला! अंधार वाढतो तसं डिटेक्टरचं बळ वाढत जातं. चार झालं, दुसरा दिवा. सात, तिसरा. दहा, चौथा. पूर्ण रात्री बळ ११ पर्यंत पोचतं. जेमतेम दीड मिनिटात सगळा रस्ता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उजळत गेला, जणू कुणी काठी घेऊन दिवे लावत चाललंय.

आता दुसऱ्या दिवशीची दुपार. अचानक पाऊस आला आणि पहिला दिवा भर दुपारी पेटला! विजा कडाडल्या, तर दुसराही पेटतो. डिटेक्टर बिघडला का? मुळीच नाही. त्याला वेळ कळतच नाही, त्याला कळतो फक्त उजेड. ज्याला पावसात दिवे नकोत, त्याने पहिले दोन दिवे काढून टाकावेत. उरलेले खरी संध्याकाळ झाल्याशिवाय लागायचे नाहीत. यंत्राला अक्कल नसली, तरी दिवा कुठे पुरायचा ही अक्कल आपली!

ही युक्ती खेळातलीच, असं समजू नका. याच स्वीडनमध्ये गुस्ताफ दालेन नावाचे संशोधक होऊन गेले. समुद्रातल्या दीपगृहांचे वायूचे दिवे दिवसा आपोआप विझावेत, म्हणून त्यांनी एक झडप बनवली. तिच्यात एक काळी कांडी आणि भोवती चकचकीत कांड्या होत्या. उजेड पडला की काळी कांडी जास्त तापून लांब व्हायची आणि वायू बंद. अंधारात ती आखडायची आणि वायू सुरू. ना वीज, ना घड्याळ! दीपगृहांच्या दिव्यांसाठी केलेल्या कामाबद्दल १९१२ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी प्रयोग करताना स्फोट झाला आणि त्यांची दृष्टी गेली. तरीही त्यांनी काम सोडलं नाही.

आता सांगा पाहू, भर दुपारी काळेकुट्ट ढग दाटून आले, तर दालेनच्या दीपगृहात काय होत असेल?