कात्रीवर चालणारा संसार: सोलापूरचा पूर्व भाग

सोलापूर म्हटलं की बहुतेकांना चादर आठवते. पाहुणे आले की सिद्धेश्वराचं तळं, देऊळ, भुईकोट किल्ला पाहतात, शेंगाची चटणी नि कडक भाकरी बांधून घेतात आणि दोन चादरी काखोटीला मारून गाडी गाठतात. पण मैत्रिणींनो, सोलापूरची खरी ओळख करून घ्यायची असेल तर सकाळी दहाच्या सुमाराला पूर्व भागात एक फेरफटका मारायला हवा. अशोक चौक, कन्ना चौक, जोडबसवण्णा चौक, साखर पेठ. कानावर यंत्रमागाचा खडखडाट आणि मराठीइतकीच तेलुगू पडते. पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली ही विणकर मंडळी. पुरुष मागावर, आणि बायका? प्रत्येक दुसऱ्या उंबऱ्याशी एक बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली दिसेल. सुपात एका बाजूला कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू, गुंडीचा दोरा. आणि शेजारी, हाताला चटकन लागेल अशी, कात्री.

सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांचा आकडा साठ-सत्तर हजार असा बोलला जातो. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या बाकीच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हा कितीतरी घरांची चूल विडीच्या मजुरीवरच पेटत राहिली. ही मजुरी हजार विड्यांवर ठरते. पंचवीस विड्यांचं एक बंडल, म्हणजे चाळीस बंडलं झाली की हजार. स्वयंपाक, धुणं, पोरांची शाळा सांभाळून ही हजारी गाठायची, तर हात सकाळपासून रात्रीपर्यंत चालावे लागतात.

मी अर्धवेळ शिक्षिका. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आया विडी कामगार. पालकांना भेटायला त्यांच्या घरी जाते तेव्हा कामाच्या गप्पा निघतातच. एकदा एका अक्कांना मी सहज म्हटलं, “अक्का, वळणं फार अवघड असेल ना?” त्या हसल्या. म्हणाल्या, “वळणं बोटं शिकतात हो बाई. कापणं डोक्यानं शिकावं लागतंय. कात्री चुकली की सगळं चुकलं बगा.” तेव्हापासून मी त्यांच्या कात्रीकडे नीट पाहू लागले.

विडीचं पान म्हणजे तेंदूचं, आपण ज्याला टेंभुर्णी म्हणतो त्या झाडाचं. ते येतं लांबून, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या आणि मध्य प्रदेशातल्या जंगलांतून. ऐन उन्हाळ्यात आदिवासी आणि गावकरी बायामाणसं ते तोडतात, जुड्या बांधून वाळवतात. तंबाखू निपाणीकडचा, गुजरातचा. म्हणजे एका विडीत दोन-तीन मुलखांचे कष्ट एकत्र येतात आणि त्यांना आकार देते ती सोलापूरची बाई.

कारखान्यातून मिळालेलं पान कोरडं असतं. ते तसंच कापलं तर तडकतं. म्हणून आधी भिजवायचं, मग पाणी निथळून ओल्या फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवायचं. फार ओलं राहिलं तर एकमेकांना चिकटतं, बुरशी धरतं. कमी भिजलं तर कात्रीखाली तुटतं. हाताला मऊ लागलं, दुमडल्यावर मोडलं नाही, की ते कापायला झालं. मग पानावर पत्र्याचं चौकोनी माप ठेवायचं, अंगठ्यानं दाबून धरायचं आणि मापाच्या कडेनं कात्री चालवायची. मधली जाड शीर शक्यतो टाळायची, कारण ती आत आली तर विडी नीट वळत नाही, कडेला फाटते. एका मोठ्या पानातून दोन तुकडे निघतात की एकच, हे त्या पहिल्या नजरेत ठरतं.

आता यात एवढं काय, असं कोणी म्हणेल. पण हिशेब असा आहे. हजार विड्यांसाठी पान तोलून मिळतं. कात्री बोथट असेल तर पान कापलं न जाता चुरगळतं, कड दातरी होते, तुकडे वाया जातात आणि पान कमी पडतं. कमी पडलेलं पान पदरच्या पैशानं बाहेरून आणायचं. शिवाय वाकड्या कापाची विडी एका तोंडाला फुगते, दोरा सुटतो. अशी विडी तपासणीत छाट म्हणून बाजूला पडते, आणि छाटाची मजुरी मिळत नाही. कित्येकींकडून मी ऐकलंय, की विड्या जमा करायला जाताना परीक्षेला जाणाऱ्या पोरीसारखी छाती धडधडते. छाट किती निघणार, त्यावर त्या आठवड्याचं तेल-मीठ ठरतं.

म्हणूनच इथल्या बायका कात्री घेताना सोनं पारखावं तशी पारखतात. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी आपल्या घरच्या शिवणाच्या कात्रीलाही तंतोतंत लागू पडतात, म्हणून इथे देते.

कात्री हातात घेऊन आधी हळूच उघडझाप करावी. ती सैलही नको आणि अडखळणारीही नको. मिटलेली कात्री उजेडासमोर धरावी. दोन्ही पात्यांची टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत. मध्ये बारीक फट दिसली तर घाबरू नये. चांगल्या कात्रीची पाती किंचित बाकदार असतात, म्हणून कापताना ती एकेका बिंदूवर भेटत पुढे जातात. नंतर ओल्या फडक्यावर कापून पाहावं. मुळाशी कापते आणि टोकाशी फडकं नुसतं दुमडते, अशी कात्री घेऊ नये, कारण पानाचा कोपरा टोकानंच कापायचा असतो. जोडाला स्क्रू असलेली कात्री बरी. सैल झाली तर घरीच आवळता येते. रिपीट ठोकलेली असेल तर कारागिराकडेच न्यावी लागते.

मुठीकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. दिवसात हजार पानं कापायची म्हणजे चार बाजूंनी किती वेळा बोटं मिटतात, मोजून बघा! अंगठ्याच्या कड्याला धार असेल तर आठवड्यात घट्टा पडतो. पुष्कळ बायका त्याला चिंधी गुंडाळतात. जड कात्री मजबूत वाटते, पण संध्याकाळी मनगट बोलायला लागतं. बेताच्या वजनाचीच घ्यावी.

मेरठची कात्री तर नाव कमावून आहे. 2013 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, जसं आपल्या सोलापुरी चादरीला आहे. तरी नुसत्या नावावर जाऊ नये, हातात घेऊनच निवड करावी. मधला मारुती, टिळक चौकाच्या जुन्या बाजारात दुकानदार चार कात्र्या समोर टाकतो. घाई करू नये.

घेतल्यावर निगा हवी. पानात तुरट अंश असतो, तो लोखंडाला लागला की पातं काळं पडतं आणि ओलीनं गंजतं. म्हणून रोज काम आटोपल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून जोडावर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. त्या कात्रीनं दुसरं काही कापू नये. पोरांच्या पुठ्ठ्याला तर हातच लावू देऊ नये. धार लावणारा सायकलवर चाक घेऊन गल्लीत आला की त्याला बजावावं, की धार फक्त बाहेरच्या उतरत्या कडेला लाव, आतली सपाट बाजू घासू नकोस. आतली बाजू घासली की पाती एकमेकांना भेटेनाशी होतात आणि नवी कात्रीही वाया जाते.

परदेशात सिगार ओढणारे शौकीन लोक तिचं टोक कापायला खास छोटं यंत्र खिशात बाळगतात. पातं धारदार हवं, एका झटक्यात कापावं, फार खोल कापलं तर वरचं पान उलगडतं, असे त्यांचेही नियम. नियम आपल्यासारखेच की! फरक इतकाच, तिथे ओढणारा एकदा कापतो आणि इथे वळणारी हजारदा. कायद्यानं मात्र दोघांना एका ओळीत बसवलं होतं: 1966 साली संसदेनं केलेला कायदा विडी आणि सिगार कामगारांसाठी होता. त्यातल्या तरतुदी आता 2020 च्या नव्या संहितेत घेतल्या आहेत. 1985 साली सर्वोच्च न्यायालयानं घरी बसून वळणाऱ्या कामगारालाही भविष्यनिर्वाह निधीचा हक्क असल्याचं मान्य केलं. हे हक्क कागदावर राहू नयेत म्हणून इथल्या बायकांनी किती मोर्चे काढले, ते सोलापूरच्या रस्त्यांना ठाऊक आहे.

त्या लढ्याचं फळ पाहायचं तर अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीला जावं. गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत तिथे उभी आहे; 2006 साली तिचं लोकार्पण झालं. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. ज्या बाईनं जन्मभर भाड्याच्या खोलीत पाठ मोडली, तिच्या दारावर तिचं नाव लागलं.

पण सगळं गोड नाही. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, खोकला जडतो, मान-पाठ धरते, डोळे लवकर थकतात. आणि ओढणाऱ्याच्या जिवाला विडीनं काय होतं, ते या बायकांना आपल्याहून अधिक माहीत आहे, कारण ते त्यांनी आपल्या घरात पाहिलंय. हा धंदा कमी व्हावा, असं मलाही वाटतं. मात्र दुसरं काम हातात दिल्याशिवाय ही कात्री खाली ठेवा, असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

तूर्त जे हाती आहे ते करावं. तोंडाला फडकं बांधून, दाराशी वाऱ्याला बसून काम करावं. तंबाखूचं सूप तान्ह्या मुलापासून दूर ठेवावं, स्वयंपाकाआधी हात साबणानं धुवावेत, तासाभरानं उठून चार पावलं टाकावीत. ओळखपत्र जपून ठेवावं. मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरावा. भरता येत नसेल तर शाळेतल्या बाईंना विचारायला संकोच करू नये. आम्ही त्यासाठीच आहोत. माझ्या वर्गातल्या मुलींना कात्री उत्तम चालवता येते. त्या कात्रीनं त्यांनी उद्या ब्लाऊज बेतावेत, दवाखान्यात पट्ट्या कापाव्यात, नाहीतर एखाद्या शाळेच्या उद्घाटनाची फीत कापावी!

सोलापूरला आलात तर चादर जरूर घ्या. पण पूर्व भागातून एक फेरी मारा, आणि उंबऱ्याशी बसलेल्या एखाद्या अक्काशी दोन शब्द बोला. काम थांबवायला सांगू नका. तिचे हात चालतच राहतील, आणि ती तुमच्याशी गोड बोलेल.