आईची सही

आमच्या घरांत पत्र लिहिणारा हात एकाचा आणि पत्राखालची सही दुसऱ्याची, ही चाल फार जुनी आहे. माझे वडील रविवारीं सकाळीं पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन माजघरांत बसत आणि आई ओट्यापाशीं उभी राहून सांगे, "नागपुरास विचारा, मेतकूट पोंचलें का? आणि नातीचें बारसें झालें का, तेंही विचारा." वडील मुकाट्यानें लिहीत. पत्र पुरें झालें कीं आई पदरास हात पुसून येई, चष्मा लावून कार्ड वाची आणि मग खालीं सही करी. एखादें वाक्य तिला रुचलें नाहीं, तर तें खोडल्यावांचून सही होत नसे.

या पोस्टकार्डांतूनच आमचा लहानसा धंदा उभा राहिला. चकलीची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला हे तीनच जिन्नस. दुकान नाहीं, पाटी नाहीं. एका जाड वहींत गिऱ्हाइकांची नोंद असे : ‘तिखट कमी’, ‘दगडफूल जास्त’, ‘मुलीचें लग्न मार्गशीर्षांत’. पुढें त्या गिऱ्हाइकांचीं मुलें इंग्लंड-अमेरिकेस गेलीं आणि भाजणीही त्यांच्या मागोमाग गेली. बँकेंतून निवृत्त झाल्यावर हिशेब माझ्याकडे आले, तेव्हां गिऱ्हाइकांचा आंकडा नऊशेंच्या घरांत गेला होता. इतक्यांना कार्डें लिहिणें अशक्य. म्हणून आम्ही ई-मेलकडे वळलों.

ई-मेल ही वस्तु तशी नवी नव्हे. रे टॉम्लिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें १९७१ सालीं एका संगणकावरून दुसऱ्यावर असा निरोप प्रथम धाडला. त्यानंतर सातच वर्षांनीं, मे १९७८ मध्यें, एका अमेरिकन विक्रेत्यानें एकच जाहिरात सुमारें चारशें पत्त्यांवर एकदम धाडली, आणि त्याबद्दल त्याला बोलणींही खावीं लागलीं. न मागतां घरांत शिरणाऱ्या व्यापारी पत्राची परंपरा ही अशी जुनी आहे.

२०२४ च्या श्रावणांत माझा पुतण्या म्हणाला, "काका, पत्रें लिहिण्यांत तुम्ही आठ-आठ दिवस घालवतां. हें काम आतां यंत्र करतें." तो संगणकशास्त्र शिकलेला, त्यानें एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाची वर्गणी भरली आणि आमची वही त्यांत उतरविली. त्या यंत्राची करामत पाहून मी थक्क झालों. एका पत्राचे दोन मथळे करून तें प्रत्येक मथळा थोड्या-थोड्या लोकांना पाठवी आणि जो अधिक चाले तो उरलेल्यांना लावी. लंडनच्या गिऱ्हाइकास लंडनच्या सकाळीं आणि कॅलिफोर्नियाच्या गिऱ्हाइकास तेथल्या सकाळीं पत्र मिळे. पत्र किती जणांनीं उघडलें, हेंही तें सांगे. पत्रांत डोळ्यांना न दिसणारें एक इवलेसें चित्र लपविलेलें असतें; पत्र उघडतांच तें मागविलें जातें आणि यंत्रास वर्दी मिळते. मात्र अॅपल कंपनीनें २०२१ पासून असलीं चित्रें आपणच आगाऊ मागवून घेण्याची सोय केली. त्यामुळें ‘उघडलें’ म्हणजे माणसानें वाचलेंच, असें मानतां येत नाहीं.

दिवाळीच्या पत्रासाठीं पुतण्यानें यंत्रास तीन गोष्टी सांगितल्या : धंदा आईनें सुरू केला, तिचें वय ऐंशी आहे, आणि चकलीची भाजणी तयार आहे. निमिषार्धांत सुरेख मराठींत पत्र उमटलें. आमची आई या वयांतही पहांटे चार वाजतां उठून तुमच्यासाठीं स्वतःच्या हातानें भाजणी भाजते, असें त्यांत होतें. आणि शेवटचे पन्नासच डबे उरले आहेत, असेंही होतें. खालीं आईचें नांव.

हें यंत्र खोटें बोलतें, असें म्हणणेंही बरोबर होणार नाहीं. त्यानें अगणित मजकूर वाचलेला असतो आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द बहुधा येतो, याचा अदमास घेत तें लिहीत जातें. ‘आई’ या शब्दामागून ‘पहांट’ यावी, हें त्याला ठाऊक. आमच्या आईचे गुडघे त्याला ठाऊक नाहींत. २०२२ पासून ती शेगडीपुढें उभी राहिलेली नाहीं. तांदूळ, डाळी, धणे, जिरें असा प्रत्येक जिन्नस वेगवेगळा मंद आंचेवर भाजावा लागतो, तें काम शेजारच्या दोन बायका करतात आणि आई खुर्चीवर बसून वासावरून सांगते, "आतां उतरवा."

तेव्हां दोष यंत्राचा नव्हे. तें पत्र धाडण्यापूर्वीं मीं वाचलें होतें. तीं दोन वाक्यें मला खटकलींही होतीं. ‘जाहिरात म्हटली कीं इतकें चालायचेंच,’ असें मनाशीं म्हणून मीं होकार दिला.

आठवड्याभरांत मागणी आदल्या वर्षाच्या दुप्पट झाली. घरांत आनंदीआनंद झाला. आणि मग इंग्लंडांतून एका वृद्ध बाईंचें उत्तर आलें. त्यांना आईचीं पोस्टकार्डें येत असत, त्या काळापासूनच्या या गिऱ्हाइक. दर दिवाळीस सहा किलो भाजणी घेणाऱ्या. या खेपेस त्यांनीं एकच किलो मागविली होती. कारण लिहिलें होतें कीं, या वयांत माझ्या चकल्यांसाठीं तुम्ही पहांटे उठतां हें वाचून मला अन्न गोड लागेना. मुलांना काय, बाजारची चकलीही चालते. तुम्ही मात्र जिवास जपा.

आईला आतां बारीक अक्षर दिसत नाहीं. मीं तें पत्र मोठ्यानें वाचलें. ती बराच वेळ कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली,

"अरे, मी चार वाजतां कधीं उठतें?"

"तें यंत्रानें लिहिलें, आई."

"तुझे वडीलही लिहीतच होते. पण मी सांगें तें लिहीत. हें मीं कधीं सांगितलें? आणि भाजतात त्या दोघी कोठें गेल्या पत्रांतून?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतें. पुतण्या हळूच म्हणाला, "आजी, सगळेच असें लिहितात." त्यावर आईनें विचारलें, "आणि पन्नास डबे? मागें दोन पोतीं भाजणी पडली आहे ना?"

बँकेंत चौतीस वर्षें काढलेल्या माणसास कायदा तरी आठवावयास हवा होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें नोव्हेंबर २०२३ मध्यें गिऱ्हाइकास भुलविण्याच्या तेरा प्रकारांवर बंदी घातली आहे, आणि माल संपत आल्याचा खोटा बहाणा करून घाई करविणें हा त्यांतलाच एक प्रकार आहे. पण मला लाज वाटली ती कायद्याची नव्हे; सहा किलोंची एक किलो करणाऱ्या त्या बाईंची. आमच्या थापेवर तिनें विश्वास ठेवला आणि विश्वास ठेवून ती आमच्यावरच दया करून बसली.

त्याच रात्रीं आईनें नवें पत्र सांगितलें आणि पुतण्यानें तें जसेंच्या तसें टंकिलें. भाजणी मी भाजत नाहीं, माझे गुडघे दुखतात. दोघी जणी भाजतात, मी शेजारीं बसून वास घेतें. माल पुष्कळ आहे, घाई करूं नये. आधींच्या पत्रावरून कोणी मागणी केली असेल व ती नको वाटत असेल, तर पैसे परत मिळतील. सहीच्या वर तिनें त्या दोघींचीं नांवें घालावयास लाविलीं. तें पत्र नऊशें जणांना गेलें. सात जणांनीं पैसे परत मागितले. ते आम्हीं दिले. इंग्लंडच्या बाईंनीं आपली मागणी वाढविली नाहीं. मात्र ‘भाजणाऱ्या दोघींना माझा नमस्कार सांगा,’ एवढें कळविलें. तो निरोप ऐकून त्यांतली एक शेगडी मंद करून क्षणभर तशीच उभी राहिली.

यंत्र आम्हीं टाकून दिलें नाहीं. पत्त्यांची यादी, निरनिराळ्या देशांच्या वेळा, इंग्रजींतील चुका, हीं कामें तें माझ्याहून चांगलीं करतें. ज्याला आमचीं पत्रें नकोत, त्याचें नांव तें तत्काळ काढून टाकतें. मसुदाही तेंच करतें. परंतु रात्रीं जेवणें झालीं कीं तो मसुदा सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचावयाचा, असा आतां घरचा नियम आहे. प्रत्येक वाक्याशीं आई विचारते, "हें खरें का?" त्या वेळीं घरांतल्या कोणीं तरी ‘हो’ म्हटलें पाहिजे. कोणीं म्हटलें नाहीं, तर तें वाक्य गेलें.

२०२५ च्या दिवाळीचीं पत्रें या नियमानें गेलीं. मागणी २०२४ पेक्षां बरीच कमी आली, २०२३ पेक्षां थोडी अधिक. यंत्रानें सूचना केली कीं, पत्रांतील तीन नांवें काढून एकच ठेवल्यास परिणाम वाढेल. मीं ती सूचना आईला वाचून दाखविली.

"त्याला सांग," ती म्हणाली, "सही आमची आहे."