पाचवे शील आणि दुसरा बाण

पंचशील आपण नित्य ग्रहण करतो. त्यातील पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्येही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तथापि, शील उच्चारणे सोपे आणि तलफ आली असता ते पाळणे कठीण, हे सातारा-सांगलीच्या वस्त्यांत वाढलेल्या कोणाला सांगावयास नको. ऊस तोडून पाठ मोडते म्हणून गडी घोटभर घेतो. दाढ दुखते म्हणून बाई मिश्री लावते. दुखणे जाते, सवय राहते.

तथागतांनी वेदनेला बाणाची उपमा दिली आहे. शरीराला लागतो तो पहिला बाण. त्यावर मन जो आक्रोश करते तो दुसरा. पहिला नेहमीच टाळता येत नाही, दुसऱ्यावर मात्र उपाय आहे. गिरिमानंद भिक्खू अत्यंत आजारी असता तथागतांनी आनंदाकरवी त्यांना दहा संज्ञांचा उपदेश पाठविला. अनित्य संज्ञा त्यांत पहिली, आनापानसती अखेरची. रुग्णाच्या मनापुढे योग्य चित्र ठेवण्याचा हा प्राचीन दाखला होय. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी जुनाट वेदनेच्या रुग्णांना सजगता शिकविली, ती याच परंपरेतून. ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनी माणसाला तलफेकडे लाटेसारखे पाहण्यास सांगितले : ती चढते, शिगेला पोहोचते आणि ओसरते.

आपल्याला समुद्राची लाट कशाला हवी? आपल्याजवळ कृष्णामाई आहे. महापुरात सांगलीकर आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीवर डोळे लावून असतात. डोळे मिटावेत, श्वासाकडे लक्ष द्यावे आणि आपण त्या पुलावर उभे आहोत असे मनात आणावे. तलफेचे पाणी फूट-फूट चढते आहे. त्यात उडी घ्यावयाची नाही, त्याच्याशी भांडावयाचेही नाही. केवळ पातळी पाहावयाची. काही वेळाने ते उतरू लागते.

आनापानाच्या तासानंतर वसतिगृहातील एका मुलाने मला विचारले, “सर, हे आमच्या बाबांना शिकवलं तर ते सुटतील का?” मी त्याला सांगितले, “एवढ्याने नाही, पण मदत होईल.” हा मंत्र नव्हे, चमत्कारही नव्हे. अनेक वर्षांची दारू एकाएकी बंद केल्यास कंप, झटके, भ्रम उद्भवून जिवावर बेतू शकते. तेथे डॉक्टरच हवा. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभारलेले ‘परिवर्तन’ आणि पुण्यात १९८६ साली सुरू झालेले ‘मुक्तांगण’ यांनी व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहावयास शिकविले. शिवाय मजुराला रास्त मजुरी, विश्रांती आणि दुखण्यावर वेळीच औषध मिळाले पाहिजे. त्याविना केवळ मन आवरण्याचा उपदेश करणे हा अन्यायच ठरेल.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, बुद्धवंदनेनंतर दहा मिनिटे घरच्यांसह शांत बसावे. घरात व्यसनी माणूस असेल तर त्यालाही शेजारी बसवावे. त्याला हिणवू नये. करुणेवाचून शील टिकत नाही.